आवणीआधीचा राब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण बहुधा बाहेरच्या पाहुण्यांना बोलावतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की मंडळातल्याच एकीने बोलावे आणि विषयही तिनेच निवडावा. ते काम माझ्या वाट्याला आले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठमोठे शब्द मला येत नाहीत आणि आले तरी ते माझ्या तोंडी शोभणार नाहीत. परंतु घरात मुले वाढवताना, त्यांची दप्तरे भरताना आणि त्यांचे चेहरे वाचताना जे दिसते, ते आपणा बायकांइतके दुसऱ्या कोणालाच दिसत नाही. त्या दिसण्यातूनच मी आज बोलणार आहे.

विषय असा आहे : आपली मुले, आणि विशेषतः आपल्या मुली, शाळा संपवून कॉलेजच्या दारापर्यंत जातात आणि तिथून परत का येतात? ती परत येऊ नयेत म्हणून आधी काही तयारी करून घेता येते की नाही?

आपल्या कासा परिसरात आता बारावी झालेल्या मुली घरोघर आहेत. आपल्या वेळी असे नव्हते. माझी सातवी झाली तेव्हा पुढची शाळा लांब होती आणि पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद होई. आता एस.टी. आहे, शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. डहाणूला, पालघरला कॉलेजे आहेत. तलासरीला तर गोदावरीबाई परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. म्हणजे अलीकडचा काठ आहे आणि पलीकडचा काठही आहे. मग मुली पाण्यात पडतात त्या कुठे? त्या पडतात मधल्या जागेत. त्या मधल्या जागेकडे शाळा पाहत नाही, कारण तिचे काम बारावीला संपले. कॉलेज पाहत नाही, कारण त्याचे काम अजून सुरू व्हायचे असते. आणि घर पाहत नाही, कारण निकाल लागतो मे महिन्यात आणि जूनमध्ये घर शेतावर असते.

माझ्या थोरलीचे उदाहरण सांगते. दहावीपर्यंत तिचे सगळे शिक्षण मराठीत झाले. पुढे तिने वाणिज्य शाखा घेतली. बारावीला तिला चांगले गुण पडले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि महिनाभरात गप्प झाली. जेवताना बोलेना, वही उघडून नुसती बसे. मी विचारले तर म्हणाली, "आई, सर बोलतात ते कानावर पडतं, पण आत जात नाही." वर्गात 'डिमांड' आणि 'सप्लाय' चालले होते. आता मला सांगा, मागणी आणि पुरवठा हे आपल्या मुलीला कळत नाही काय? बाजारात चिकूची आवक वाढली की भाव पडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. वस्तू तिच्या ओळखीची होती, नाव अनोळखी होते. आमच्या आळीतला एक मुलगा त्याआधी बी.कॉम. झाला होता. तो पंधरा संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्याने तिच्याकडून एक वही करवून घेतली : डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि खाली आपल्या बाजारातले एक उदाहरण. पंधरा संध्याकाळींत मुलगी मार्गावर आली. बुद्धी तीच, पुस्तके तीच आणि शिक्षकही तेच होते. फक्त मधली पंधरा दिवसांची तयारी कोणी तरी करून घेतली.

शेजारणींनो, भातशेतीच्या गावात याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. आपण भाताचे बी थेट खाचरात फेकत नाही. आधी राब भाजतो, जमीन पोसतो, त्यात बी पेरतो. आवण हातभर वाढले, त्याला मूळ धरले, की मग ते उपटून आवणी करतो. कोणी राब न करता आवणीला निघाला तर आपण त्याला वेड्यात काढू. आणि पीक आले नाही तर बियाला दोष देणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण बियालाच दोष देतो. "तिच्या डोक्यात काही शिरत नाही," "आपल्या पोरांना कॉलेज झेपत नाही," असे म्हणून मोकळे होतो. राब केला होता का, हे कोणी विचारत नाही.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली नव्हे. शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये एक पायरी हवी, हे जुन्या लोकांना चांगले माहीत होते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्या वेळी अकरावीला मॅट्रिक होई आणि कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष प्री-डिग्रीचे असे. ते वर्ष म्हणजे कॉलेजची सवय लावण्याचे वर्ष. पुढे महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्यापुढे अकरावी-बारावीची दोन वर्षे आली. कागदावर पाहिले तर ही दोन वर्षे मधल्या पायरीचीच. पण झाले असे की बारावीची परीक्षाच एवढी मोठी झाली की पायरीचाच डोंगर झाला. दोन वर्षे मूल त्या परीक्षेसाठी पाठ करते. पुस्तक स्वतः वाचावे कसे, ऐकता ऐकता टिपण घ्यावे कसे, न समजले तर विचारावे कसे, हे शिकण्याला वेळच उरत नाही. म्हणून पायरी असूनही ती नसल्यासारखी झाली.

बायकांच्या शिक्षणात तर ही मधली पायरी बांधल्याशिवाय कोणाचे काम पुढे गेलेच नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केले. तिथे मोठ्या वयाच्या, संसारी आणि विधवा बाया येत. त्यांना एकदम मोठ्या वर्गात बसवून चालणार नव्हते. आधी लिहिणे-वाचणे, मग मराठी इयत्ता, आणि मग शिक्षिकेचे किंवा परिचारिकेचे शिक्षण, अशी पायरीपायरीने चढण होती. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. पुढे ठाकरसी घराण्याच्या देणगीमुळे त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. आज आपण त्याला एस.एन.डी.टी. म्हणतो. अण्णांनी त्या विद्यापीठात मातृभाषेतून शिकण्याची सोय केली. घरी राहून अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेचे दार उघडे ठेवले. बायकांनी दाराशी यावे एवढे म्हणून ते थांबले नाहीत. दारापर्यंतची वाट त्यांनी बायकांच्या चालण्याजोगी केली.

त्या वाटेने चालून गेलेली एक बाई तर आपल्याच डहाणू तालुक्यातली. जन्माने नव्हे, पण कामाने नक्कीच. अनुताई वाघांचे नाव इथे कोणाला सांगायला नको. कोसबाडची टेकडी आपल्याला लांब नाही. अनुताईंच्या बालवाडीविषयी आपण पुष्कळ ऐकतो, पण त्यांच्या स्वतःच्या शिकण्याविषयी फार कमी बोलले जाते. म्हणून आज मी तेच सांगणार आहे.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. बालवयात लग्न झाले आणि लगेच वैधव्य आले. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या. ही परीक्षा म्हणजे त्या काळची मराठी सातवी. भगिनींनो, इथे क्षणभर थांबते, कारण ही ओळ मी वाचली तेव्हा मलाही थांबावेसे वाटले. एवढी मोठी बाई, आणि तिची सुरुवात तुमच्या-माझ्यासारख्या सातवीपासूनच. त्यानंतर त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचे शिक्षण घेतले, शाळांतून नोकरी केली आणि नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक केले. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांच्या बरोबर बोर्डीला आल्या. १९५७ साली काम कोसबाडला गेले. तिथे दिवसभर आदिवासी मुलांच्या मागे धावायचे, बालवाडी चालवायची, शिक्षिका घडवायच्या, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा. असे करून १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या एस.एन.डी.टी.च्या बी.ए. झाल्या. सातवी ते बी.ए. हे अंतर छत्तीस वर्षांचे. त्या छत्तीस वर्षांत त्यांनी एकही पायरी गाळली नाही आणि एकाही पायरीची लाज धरली नाही. १९८४ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण मला विचाराल तर रात्रशाळेच्या बाकावर बसलेल्या अनुताई मला अधिक जवळच्या वाटतात.

आणखी एक गोष्ट कोसबाडकडून घ्यावी. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. असे का केले? मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. ताराबाई आणि अनुताईंनी मुलीला बोल लावला नाही की आईला बोल लावला नाही. त्यांनी भावंडालाही आवारात घेतले. ते पाळण्यात निजले आणि मुलगी पाटीवर बसली. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळा जमेना, तर शाळाच कुरणात नेली. तिलाच कुरणशाळा म्हणत. म्हणजे तयारी करून घेणे याचा अर्थ नुसते शिकवणे नव्हे. मूल कशात अडकले आहे ते पाहून आधी ती गाठ सोडवणे हा त्याचा खरा अर्थ. हे शहाणपण आपल्या तालुक्याने देशाला दिले, आणि आपणच ते विसरलो तर काय म्हणावे?

आता मोठ्या वयाच्या बायकांविषयी बोलते, कारण या सभेत त्याच अधिक आहेत. नाशिकला १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. या विद्यापीठाने 'पूर्वतयारी शिक्षणक्रम' नावाचा एक शिक्षणक्रम काढला होता. अठरा वर्षे पूर्ण झालेली, पण दहावी किंवा बारावी न झालेली व्यक्ती त्याला बसू शके. घरी पुस्तके वाचायची, परीक्षा द्यायची, आणि पास झाले की त्याच विद्यापीठात बी.ए. किंवा बी.कॉम.ला प्रवेश मिळे. गिरणीतले कामगार, पोलीस शिपाई, अंगणवाडीच्या ताई आणि चूल-मूल सांभाळणाऱ्या गृहिणी अशांना त्याने पदवीचे दार दाखवले.

परंतु त्याची एक मर्यादा होती आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. ती पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. ती त्या विद्यापीठात शिरण्यापुरती होती. जिथे नोकरीसाठी दहावी-बारावीचेच प्रमाणपत्र मागत, तिथे तिचा उपयोग होत नसे. पुढे देशभर नियम कडक झाले आणि पदवीच्या प्रवेशासाठी बारावी किंवा तिच्या तोडीची परीक्षा आवश्यक ठरली. म्हणून आज कोणी तुम्हाला म्हणाले, "दहावी-बारावी नको, पैसे भरा, सरळ पदवी देतो," तर त्याच्या ओट्यावरही चढू नका. आज पक्का रस्ता दहावी आणि बारावीवरूनच जातो.

तो रस्ता आपल्यालाही बंद नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. जी निदान पाचवी पास आहे आणि जिला चौदा वर्षे पूर्ण झाली आहेत, तिला तो भरून दहावीला बसता येते. वयाची वरची मर्यादा नाही. दहावी झाल्यावर दोन वर्षांनी बारावीलाही असेच बाहेरून बसता येते. याखेरीज राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे. तिथे एकेक विषय सवडीने देता येतो. बारावी झाली की मुक्त विद्यापीठ आहे, एस.एन.डी.टी. आहे आणि इतर विद्यापीठांचे दूरशिक्षण आहे. म्हणजे सातवीनंतरही बी.ए.पर्यंत पायऱ्या आहेत. चढणारीने कंबर कसली पाहिजे आणि शेजारणींनी तिला हात दिला पाहिजे.

अशी तयारी फक्त गरीब देशांनाच लागते असे कोणाला वाटत असेल तर ते खरे नव्हे. इंग्लंडसारख्या देशात १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले. शाळेचे कोणतेही प्रमाणपत्र न मागता ते प्रवेश देऊ लागले. तिथेच १९७८ पासून मोठ्या वयाच्या लोकांसाठी 'ॲक्सेस' नावाचे पूर्वतयारीचे वर्ग सरकारच्या पुढाकाराने सुरू झाले. ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांनी या वर्गात बसावे, निबंध लिहायला, वाचायला, गणित करायला पुन्हा शिकावे आणि मग विद्यापीठात जावे, अशी ती योजना. मुलेबाळे असलेल्या कित्येक बाया त्यातून शिकल्या. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाने नव्या विद्यार्थ्यांसाठी ओळखवर्गाची मार्गदर्शिका काढली. म्हणजे नव्या मुलाला कॉलेजात हात धरून न्यावे लागते, हे वरच्यांनाही पटले आहे. पण तो वर्ग भरतो कॉलेजच्या दाराच्या आत. आपली मुलगी ठेचकाळते ती दाराच्या बाहेर. तिथे कोणी तरी उभे राहायला हवे.

मग तयारीच्या वर्गात शिकवायचे काय? मी शिकलेल्या चार जणांना विचारले, माझ्या मुलीला विचारले, आणि त्यातून मला चार गोष्टी उमगल्या.

पहिली गोष्ट भाषेची. आपल्याकडे कित्येक मुले घरी वारली बोलतात, कोणी कोकणा, कोणी मल्हार कोळ्यांची बोली. शाळेत त्यांना मराठी लागते. ती अंगवळणी पडते न पडते तोच कॉलेजात इंग्रजी येते. म्हणजे शहरातले मूल एक उंबरठा ओलांडते तिथे आपले मूल दोन ओलांडते. म्हणून विषयातले मुख्य शब्द आधीच गोळा करावे. माझ्या मुलीने केली तशी दोन बाजूंची वही प्रत्येक मुलीने करावी. रोज दहा शब्द धरले तर दोन महिन्यांत सहाशे होतात.

दुसरी गोष्ट वाचनाची आणि टिपणाची. शाळेत फळ्यावरचे उतरवायचे असते. कॉलेजात शिक्षक बोलत जातात आणि ऐकता ऐकता आपण लिहायचे असते. ही सवय आपोआप येत नाही. एकीने वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकून मुद्दे लिहावेत आणि मग आपल्या शब्दांत पाच ओळी लिहाव्यात. याला पैसा लागत नाही. रोज तासभर हे केले तर कोणत्याही महागड्या क्लासपेक्षा कमी नाही.

तिसरी गोष्ट विचारण्याची. ही मला सर्वांत मोठी वाटते. आपल्या मुली विचारत नाहीत. लहानपणापासून आपण त्यांना सांगत आलो की मोठ्यांपुढे बोलू नये. ते वळण घरात ठीक आहे. पण जी वर्गात विचारत नाही ती मागे राहते. "सर, हे मला समजले नाही, पुन्हा सांगाल का?" एवढे एक वाक्य निःसंकोचपणे म्हणण्याचा सराव या वर्गात करून घ्यावा. हसू नका भगिनींनो. हे वाक्य घशातून बाहेर न आल्यामुळे कित्येकींचे वर्ष फुकट गेले आहे.

चौथी गोष्ट कागदांची. मुलगी हुशार असते, गुणही असतात आणि प्रवेश अडतो एका कागदासाठी. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, हे सगळे लागते. जात पडताळणीला तर महिनेच्या महिने जातात. तो अर्ज बारावीचे वर्ष चालू असतानाच करावा, निकालाची वाट पाहू नये. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशसुद्धा सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. आदिवासी मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याचा खर्च देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिची चौकशी डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. हे सगळे माहीत असणे हाही अभ्यासच आहे. धाकट्या मुलीच्या हातात जो मोबाईल दिवसभर असतो, त्यावर हे फॉर्म भरता येतात. पण शेजारी बसून तारीख पाहणारे कोणी तरी मोठे माणूस पाहिजे.

आता घरातून जे आक्षेप निघतात त्यांकडे वळते. ते मी ऐकले आहेत आणि तुम्हीही ऐकले असतील.

कोणी म्हणते, "शिकून तरी काय, शेवटी चूलच फुंकायची." बाई, चूल तर शिकलेलीही पेटवते आणि न शिकलेलीही. पण दवाखान्यात डॉक्टरांची चिठ्ठी वाचणे, सातबारावर आपले नाव आहे की नाही ते पाहणे, बँकेत सहीपूर्वी कागद समजून घेणे, हे शिकलेलीच्या हातून होते. चुलीपाशी बसलेल्या बाईलाही ते हवेच असते.

कोणी म्हणते, "जूनमध्ये हात कमी पडतात. आवणीला मुलगी हवी." हा आक्षेप खोटा नाही. ज्याच्या घरी चार हात कमी आहेत त्याला उपदेश करून भागत नाही. इथे कोसबाडचे शहाणपण वापरावे. आपण मंडळातर्फे पाळी लावू. जिची मुलगी प्रवेशासाठी गेली तिच्या खाचरात त्या दिवशी दुसऱ्या दोघी उभ्या राहतील. एकमेकींच्या शेतावर आवणीला जाण्याची चाल आपल्यात आजची नाही. तीच थोडी पुढे न्यायची.

आणि कोणी हलक्या आवाजात म्हणते, "या वयात दहावीला बसायचे? लोक हसतील." त्यांना मी एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए. झालेल्या अनुताईंचे नाव सांगते. हसणारे तेव्हाही असतीलच. त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

तर भगिनींनो, माझी सूचना अशी. ती कार्यकारिणीपुढे मी लेखी दिली आहे आणि आज सर्वांसमोर मांडते. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि कॉलेज उघडते जून-जुलैत. मधले एप्रिल आणि मे हे दोन महिने आपले आहेत. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा असते, लग्नसराई असते, राब भाजण्याचे काम असते. ते सर्व सांभाळून आठवड्यातून चार संध्याकाळी आपल्या मंडळाच्या खोलीत तयारीचा वर्ग भरवावा. आपल्या गावातली जी मुलेमुली कॉलेजात शिकत आहेत त्यांनी सुट्टीत येऊन शिकवावे. निवृत्त शिक्षकांना आपण जाऊन विनंती करू. सोमवारी शब्दांची वही, मंगळवारी वाचन आणि टिपण, गुरुवारी हिशेब आणि मोबाईलवरचे फॉर्म, शुक्रवारी बोलण्याचा सराव. फी नको. दिव्याचे आणि खडूचे पैसे मंडळाच्या वर्गणीतून भागतील. आणि धाकटी भावंडे घेऊन येणाऱ्या मुलींना परत पाठवायचे नाही. शेजारच्या पडवीत सतरंजी घालून आपण दोघी-तिघी त्यांना खेळवू.

त्याच खोलीत, त्याच वेळी, एका कोपऱ्यात मोठ्या बायकांचा वर्ग असेल. सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचे मंडळातल्या चौघींनी ठरवले आहे आणि त्या चौघींत मी एक आहे. माझी सातवी होऊन तीस वर्षे उलटली. बीजगणित आता कसे असते ते मला मुलगीच शिकवते आहे. रात्री भांडी आवरली की आम्ही मायलेकी एका दिव्याखाली बसतो. ती मला समीकरण समजावते आणि मी तिला शब्द विचारते. पास होईन की नाही ते परीक्षेनंतर कळेल. पण बसणार हे नक्की. आणखी कोणाला नाव द्यायचे असेल तर सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या वहीत लिहावे.

तुम्हां सर्वांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. एक, ज्या घरात बारावीची मुलगी आहे त्या घराने तिला या दोन महिन्यांत आठवड्याच्या चार संध्याकाळी मोकळ्या द्याव्यात. दोन, प्रत्येक घरात अभ्यासाला एक कोपरा आणि एक दिवा असावा, आणि त्या कोपऱ्यात बसलेल्या मुलीला पाणी आणायला हाक मारू नये. तीन, कोणाची मुलगी नापास झाली किंवा कॉलेजातून परत आली तर तिच्याविषयी नळावर बोलू नये. तिला वर्गात आणावे. एकदा मोडलेली आवणी आपण पुन्हा करतो, तसेच हे.

मंडळाने आजवर हळदीकुंकू केले, भिशी चालवली, शिवणकाम शिकवले, पूर आला तेव्हा भाकऱ्या बांधल्या. ती सगळी कामे चांगली होती. आता हे एक काम अंगावर घ्यावे. पाच मुली जरी या वर्गातून जाऊन कॉलेजात टिकल्या, तरी पुढच्या वर्षी त्याच पाच जणी इथे शिकवायला उभ्या राहतील. मग आपल्याला बाहेर कोणाला बोलवावे लागणार नाही.

 वर्गाच्या पहिल्या संध्याकाळी येताना प्रत्येकीने एक कोरी वही घेऊन यावी, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.

जय हिंद. जय महाराष्ट्र.